स्कूटरच्या मागे

आम्ही माण गावात राहायला आलो तेव्हा मी पाचवीत होते. बाबांची आयटी पार्कात नोकरी, राहायला घरमालकाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या. शाळा मात्र अशी, की तिचं फाटक बघूनच लातूरचे आमचे पाहुणे चपला काढायच्या बेतात यायचे. तिथलं प्रत्येक मूल कशात ना कशात चॅम्पियन व्हायलाच जन्माला आलेलं. मुलं खेळायची आणि आईबापांना धाप लागायची.

माझा खेळ कोणता, हे पालकसभेत ठरलं. मधल्या सुट्टीत मला धावताना पाहिलेले खेळाचे सर बाबांना सहज म्हणाले, "बरी पळते." बाबा घरी पोचेपर्यंत त्याचं 'राज्य पातळीवर जाईल' झालं होतं.

लगेच रोज सकाळी सराव सुरू. बाबांना स्वतःला धावणं जमत नसे, म्हणून ते पुढे स्कूटरवर आणि मी मागे. रस्त्यावर खडीचे डंपर, त्यामुळे नियम एकच आणि कडक: मागच्या लाल दिव्यावर नजर, अंतर कायम, स्कूटरच्या पुढे जायचं नाही. एकदा उतारावर मला फार छान वाटलं आणि मी सुसाट पुढे निघून गेले, तर बाबांनी भर रस्त्यात कान पिळला. पुन्हा मी कधी पुढे गेले नाही. अंतर राखण्यात इतकी तयार झाले की बाबा आरशात बघून खूश व्हायचे.

त्याच वेळी घरमालकीणबाई शेळ्या घेऊन डोंगराकडे निघालेल्या असत. त्या लांबूनच ओरडायच्या, "आवं सायेब, पोरीला गाडीवर बसवा की! मोकळी शीट घिऊन कुटं निघालाय?"

मला खरं तर त्यांच्याबरोबर जायचं होतं. त्यांच्या काळ्या शेळीला नुकतीच करडं झाली होती. "रविवारी येतीस का?" त्या विचारायच्या, पण रविवारी तर मोठा सराव. शेवटी रडूनभेकून मी बाबांकडून कबूल करून घेतलं: शाळेच्या स्पर्धेत पहिली आले तर रविवार माझा. मला तेवढ्यासाठीच जिंकायचं होतं. पदक बाबांनी ठेवून घेतलं असतं तरी चाललं असतं.

स्पर्धेच्या दिवशी दोरीपलीकडे पालकांचीच चुरस लागली होती. कुणाकडे व्हिडिओ कॅमेरा, कुणाकडे ग्लुकोजचा डबा. एक आई चुन्याची रेघ वाकडी आहे म्हणून पंचांशी भांडत होती. बाबांच्या गळ्यात स्टॉपवॉच होतं.

आठशे मीटर. सुरुवातीलाच एक उंच मुलगी पुढे गेली. तिच्या वेणीला लाल रिबीन होती. ती डोळ्यांसमोर हलायला लागली आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं. दम अजिबात लागला नव्हता. तिने वेग वाढवला की मी वाढवत होते, ती मंदावली की मीही मंदावत होते. बाबा दोरीवरून जवळजवळ आत पडत "जा! जा!" ओरडत होते आणि मी जातच होते. ती रेषेपार झाली आणि तिच्यामागे, तेवढंच अंतर राखून, मी. तेव्हा कुठे मला रविवार आठवला आणि मैदानातच रडू फुटलं.

"अगं, पुढे का नाही गेलीस?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, पुढे जायचं नाही."

घरी येताना बाबांनी स्टॉपवॉच गळ्यातून काढून खिशात टाकलं. मला वाटलं, त्यांना कळलं. जेवताना ते आईला म्हणाले, "आपली पद्धतच चुकत होती."

त्या रविवारी मी पुढे धावत होते आणि स्कूटर माझ्या मागे. हॉर्न वाजला की वेग वाढवायचा. ओढ्यापाशी घरमालकीणबाई शेळ्या हाकत येताना दिसल्या. करडं आईच्या पायांत उड्या मारत होती. मी थांबायला गेले तोच हॉर्न वाजला.

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"आता बराबर जमलं बगा, सायेब," त्या म्हणाल्या. "आमी बी मागनंच हाकतो."

बाबा खूश होऊन हसले आणि त्यांनी पुन्हा हॉर्न दिला.