पहिल्या शुक्रवारचे दोन ते तीन

जयवंता,

आज महिन्याचा पहिला शुक्रवार. तू गेल्यापासूनचा चौथा. दुपारचे दोन वाजलेत आणि मी लिहायला बसलेय, कारण नुसतं बसणं मला जमत नाही. हे तुझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक?

हे पत्र तुला ओळखत नसलेली माणसंही वाचणार आहेत, तेव्हा तुला माहीत असलेल्या गोष्टीच पुन्हा सांगणार आहे. कंटाळू नकोस. तशी तू कंटाळत नव्हतीसच कधी, ती माझी खोड.

देवळी गावाच्या कडेला सिस्टर लोकांचा, कॅथलिक संन्यासिनींचा, छोटा दवाखाना आहे. सहा खाटा, एक लस देण्याची खोली, आणि मागे खोलीएवढं चॅपेल. त्यांचं कुंपण आणि माझी परसातली भिंत एकच. तू तिथली आया. तुझे वडील हरिदास मिशनचे स्वयंपाकी, मूळ रोहण्याचे. तुमचं घर आजोबांपासून कॅथलिक. लग्न झालं, नवरा तीन वर्षांत गेला, मूल झालं नाही. तू या सगळ्याबद्दल एकदा, भिंतीवर वाळत घातलेल्या चादरी काढताना, चार वाक्यांत सांगितलंस आणि पाचवं वाक्य होतं, "बाई, तुमच्या शेवग्याच्या शेंगा आमच्याकडे लटकून राह्यल्या, तोडू का?"

दवाखान्यात तुझं खरं काम झाडू-पोछ्याचं. पण ज्याचं कोणी नाही असा म्हातारा शेवटाला लागला की सिस्टर तुलाच हाक मारत. तू त्याच्या पायथ्याशी बसायचीस आणि त्याची टाच हातात धरायचीस. मी विचारलं होतं, हात का नाही धरत?

"हात धरला तं माणूस बोलाले जाते. दमते. टाच धरली तं त्याले फक्त कळते का कोणी हाय."

माझे यजमान महादेवराव तिथेच गेले, तेव्हा मी व्हरांड्यात डॉक्टरांशी वाद घालत होते. सलाइनचा वेग बरोबर आहे की नाही यावर. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेली होती, मला सगळंच कळत होतं. परत आले तर तू त्यांच्या पायाशी, आणि ते गेलेले. चाळीस वर्षांचा संसार माझा, शेवटचा श्वास तुझ्या ओंजळीत. तू एका शब्दाने बोलली नाहीस. बोलली असतीस तर मी भांडले तरी असते.

आता शुक्रवारचं. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी सकाळची मिस्सा, तुमची मुख्य उपासना, झाली की फादर ती गोल पांढरी पवित्र भाकर सोनेरी किरणांच्या उभ्या पात्रात ठेवतात आणि पात्र वेदीवर मांडतात. तुमच्या लेखी ती भाकर नव्हेच, प्रत्यक्ष ख्रिस्त. संध्याकाळपर्यंत तो तिथे असतो आणि तेवढा वेळ कोणी ना कोणी समोर बसलेलं असलंच पाहिजे. पुढचा आल्याशिवाय आधीच्याने उठायचं नाही. एकटं ठेवायचं नाही, हा नियम. गावात तुमची घरं चार आणि सिस्टर तीन. दाराशी एका वहीत प्रत्येकाचा तास लिहिलेला. दोन ते तीन ही वेळ कोणाला नको असायची. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली शेंगदाणे भाजून निघतील. ती वेळ तू घेतलीस आणि सव्वीस वर्षं धरून ठेवलीस. ताप असताना, भाऊ वारला त्या महिन्यातसुद्धा.

मी एकदा मागच्या बाकावर येऊन बसले होते, तुझं बघायला. तू दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून बसलेली. ओठ हलत नव्हते, माळ नव्हती. पंधरा मिनिटांत मी छताच्या पन्हाळी मोजून संपवल्या. बाहेर आल्यावर तुला धरलं.

"काय मागतेस गं एवढा वेळ?"

"काई नाई."

"मग बोलतेस काय?"

"तेबी नाई. तो बोलत नाई, मी बोलत नाई."

"मग चाललंय काय तुमचं?"

"बसून राह्यलो ना दोघं," तू म्हणालीस, आणि वर हसलीस. "तुमचं काम नाई ते, बाई. तुम्हाले गप्प बसाले सांगतलं तं तुम्ही भिंतीलेबी मार्क देता."

मी मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. देव, ख्रिस्त, आमचा, तुमचा, कोणीच नाही. तू मानायला लावलंही नाहीस.

मग या एप्रिलमध्ये तुझ्या छातीत पाणी झालं आणि वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. भाची दिपाली रात्रंदिवस तुझ्याजवळ होती. गुरुवारी मी भेटायला आले तर तू म्हणालीस, "बाई, एक काम हाय." मला वाटलं कपडे आणायचे असतील.

"उद्या शुक्रवार. दोन ते तीन तुम्ही बसजा."

"मी? अगं, मी तुमच्यातली नाही."

"सिस्टरले विचारलं म्या फोनवर. त्या म्हणे, नियमात बसते का नाई ठाऊक नाई, पण तू म्हणतेस तं बसू दे. त्या टायमाले त्यायची लस असते, बाकीचे लग्नाले गेले. दुसरं कोणी नाई." तुला एवढं बोलून धाप लागली. मग म्हणालीस, "काई म्हणाचं नाई. मानाचंबी नाई. फक्त उठू नका. त्याले एकटं नका ठेवू."

मी हो म्हटलं. महादेवरावांसाठी तू बसलीस, हे मनात धरून म्हटलं. तूही ते धरलं असशील, दाखवलं नाहीस.

शुक्रवारी पाच मिनिटं आधी मी हजर. मोठ्या सिस्टर समोर बसल्या होत्या, त्यांनी मान हलवली, गुडघा टेकला आणि गेल्या. दार लागलं. मग मी, वेदीजवळ तेवणारा लाल दिवा आणि ते पात्र.

आता जे सांगते ते मी कोणाला सांगितलेलं नाही. पहिली पाच मिनिटं मी छताकडे पाहिलं. मग नजर खाली आली आणि मला वाटलं की खोलीत मी एकटी नाही. आवाज नाही, प्रकाश नाही, तसलं काही नाही. आजाऱ्याच्या खोलीत आपण शिरावं आणि तो झोपलेला नाही, डोळे मिटून आपल्याकडे लक्ष देतोय, हे कळावं, तसं. काही मागणं नव्हतं त्या लक्षात. तेच सोसवेना. पाठीवर घाम आला. मी स्वतःला सांगितलं, उष्मा आहे, वय चौऱ्याहत्तर आहे.

तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. दिपाली.

"आत्या विचारून राह्यली, बाई बसल्या का? श्वास चढला तिचा, पण तेच तेच विचारते."

"बसलेय म्हणावं," मी म्हटलं.

आणि फोन ठेवून उठले.

जयवंता, तुझा श्वास चढलाय म्हणून उठले, असं मी सगळ्यांना सांगितलं असतं, आणि कोणीही मान डोलावली असती. तुझ्याजवळ दिपाली होती. डॉक्टर होते. माझी तिथे काडीचीही गरज नव्हती. मी उठले कारण त्या खोलीत मला बसवेना. फोनने मला निमित्त दिलं आणि मी ते झडप घालून घेतलं. दार लावताना आवाज होऊ दिला नाही, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं लावतात तसं. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं.

नाक्यावरून ऑटो केली. वाटेत सेलू काटे गावाच्या अलीकडे एकदा वाटलं, परत फिरवावी. ऑटोवाल्याला म्हटलंही, "थांब जरा." तो म्हणाला, "काय विसरलं का, मावशी?" मी म्हटलं, "नाही. चल."

पावणेतीनला तुझ्या खाटेशी पोचले. तुझी टाच धरली. तू डोळे उघडलेस, मला पाहिलंस, आणि तुझ्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. धसका होता. तू पाय ओढून घेतलास.

"बाई, तुम्ही इथं? मंग तिथं कोण हाय?"

"सिस्टर आहेत," मी म्हटलं.

तू माझ्याकडे बघत राहिलीस. तीस वर्षं कॉपी करणाऱ्या पोरांच्या तोंडाकडे मी तसंच बघत असे. मग तू कोपरांवर उठायला लागलीस. दिपालीने खांदे धरले, "आत्या, कुठं चालली?" तीन वाजायच्या आधी तू गेलीस. तळवे गादीवर पसरलेले, उठायच्या तयारीत.

दिपाली म्हणते, बाई, तुम्ही वेळेवर आल्या, आत्यानं तुम्हाले पाहून डोळे मिटले. मी ऐकून घेते.

इकडे तीनला पुढची बाई लग्नाहून परतून आली, खोली रिकामी दिसली, तिला वाटलं मी नुकतीच उठले असेन. सिस्टरनी वहीत त्या दिवशीच्या दोन ते तीनसमोर तुझं नाव खोडून माझं लिहिलं. मागल्या महिन्यात त्या मला म्हणाल्या, "प्रोफेसर, जयवंताचा तास तुम्ही राखलात." मी चहाला नको म्हटलं आणि घरी आले.

भूत-बीत मी मानत नाही. तू येऊन उभी राहू नकोस, तेवढी दया तरी कर, असं म्हणावं तर तू येतच नाहीस. येतं ते दुसरंच. भाजी चिरताना, नळ बंद करताना मध्येच कळतं की भिंतीपलीकडे एक खोली आहे, तिथे कोणीतरी आहे आणि समोरचा बाक रिकामा आहे. शुक्रवारच नव्हे, कुठल्याही वारी. मी न मानणारी बाई, मला त्याच्या एकटेपणाशी काय करायचंय? आणि तरी चॅपेलच्या बाजूची मागची खिडकी मी त्या शुक्रवारपासून उघडलेली नाही.

मी पुन्हा जाऊ शकते. वही तिथेच आहे, तुझी वेळ अजून कोणी कायमची घेतलेली नाही. गेल्या तीन शुक्रवारी मी फाटकापर्यंत गेले आणि परतले. आज तेही केलं नाही. आता तीन वाजायला सात मिनिटं आहेत.

त्या खाटेवरून तू विचारलंस, तिथं कोण आहे, त्याचं खरं उत्तर तेवढं देते. तिथं कोणी नव्हतं, जयवंता.