गोल सह्यांचं पत्र

लिओनिला माग्बानुआ वर्गात बोलायला लागल्या की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा चिडीचूप व्हायची. पनाय बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या छोट्या सरकारी कॉलेजात पहिली वीस वर्षं त्यांनी नेतृत्व हा विषय त्याच आवाजात शिकवला. बाईंनी सांगायचं, पोरांनी उतरवून घ्यायचं. खरा पुढारी कोण? तर जो माणसं बदलतो, त्यांच्यातूनच नवे पुढारी घडवतो. ही व्याख्या जो शब्द न् शब्द ओकेल त्याला पैकीच्या पैकी गुण.

मग ते मोठं वादळ आलं. धक्क्यावरच्या गोदामात तांदळाची पोती होती, दाराला कुलूप होतं आणि बाहेर उपाशी माणसं. बाईंचे पैकीच्या पैकीवाले नऊ जुने विद्यार्थी तिथेच मदतीला उभे होते. दोन दिवस नगरपालिकेच्या हुकमाची वाट पाहत. शेवटी एका कोळिणीने दगडाने कुलूप फोडलं. ते पाहताना बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या सत्रात त्यांनी आपल्या वह्या चुलीत घातल्या आणि वर्गाला म्हणाल्या, "यंदा पाठांतर नाही. तुम्हाला सलणारी एक गोष्ट शोधा आणि ती बदलून दाखवा. गुण त्याचे."

असं दरवर्षी चालू झालं. कुणी मुलींच्या संडासाला दार बसवून घेतलं, कुणी ग्रंथालय रविवारी उघडायला लावलं. वरिष्ठांना यात काही वावगं वाटलं नाही. अकराव्या वर्षी वाटलं.

त्या वर्षीच्या अडतीस जणांना सलत होतं ते उन्हात उभं राहणं. कुणी बडा पाहुणा आला की पोरांनी वर्ग सोडून फाटकापासून सभागृहापर्यंत झेंडे हलवत उभं राहायचं. पाहुणा हमखास तीन तास उशिरा. मागच्या खेपेला चार मुली चक्कर येऊन पडल्या होत्या. "आम्ही उभे राहणार नाही," असं पत्र लिहायचं ठरलं.

बाईंना स्फुरण चढलं. "मीच नेऊन देते. डीन माझाच विद्यार्थी आहे."

गेम्मा तुपास नावाची मुलगी उठली. एरवी तोंडातून शब्द फुटायचा नाही तिच्या. "मॅम, राग मानू नका, पण तुम्ही यात पडू नका."

"का गं?"

"तुम्ही नेलंत तर ते तुमचं पत्र होईल. आम्ही परत तुमच्या मागे उभे. ऊन तेवढं बदललं."

वर्ग हसला. बाईंना ते झोंबलं. मग त्या खुर्ची ओढून मुकाट्याने बसल्या.

दोन दिवसांनी डीन बेनितेझनी बोलावलं. गोदामापुढच्या त्या नऊ जणांत तेही होते. टेबलावर पत्र होतं. मजकुराभोवती अडतीस सह्या गोल फिरवलेल्या. पहिली कुठली, शेवटची कुठली, कळायला मार्ग नव्हता.

"मॅम, यांचा म्होरक्या कोण?"

"मला ठाऊक नाही."

"तुमच्याच वर्गातली पोरं आहेत."

"म्हणूनच ठाऊक नाही. ठाऊक असतं तर वर्ष फुकट गेलं म्हटलं असतं."

"एक नाव द्या, मी प्रकरण मिटवतो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला विस्तवाशी खेळता?"

"तुला मी नुसतं हुकूम पाळायला शिकवलं, ती चूक माझी," बाई म्हणाल्या. "तेव्हा मला तेवढंच येत होतं. आता ती चूक परत करणार नाही. नाव मिळायचं नाही, बाळा."

"मग माफीपत्र तरी द्या."

"तेही नाही."

पाहुणा आला त्या दिवशी अडतीस जण वर्गात पुस्तकं उघडून बसले. तासाभरात बाकीचे वर्गही रांग सोडून आत गेले. झेंडे हलवायला कारकून, शिपाई आणि खुद्द डीन उरले. खिडकीतून बाईंनी पाहिलं. बेनितेझ घामाने निथळत होते. त्यांची थोडी दया आली. थोडीच.

आठवड्याभरात बाईंच्या हातात बदलीचा कागद पडला. डोंगरापलीकडची शाखा, जीपनी गाडीने अडीच तास. बहीण म्हणाली, "वाकली असतीस तर काय कंबर मोडली असती?" बाईंनी बोचकं बांधलं. तिथे दोन वर्षं त्यांनी तोच विषय तसाच शिकवला. पहिल्याच सत्रात पोरांनी शाखाप्रमुखाची झोप उडवली.

निवृत्तीच्या वर्षी जुन्या कॉलेजात नोटीस लागली: पाहुण्यांच्या स्वागताला हजर राहणं ऐच्छिक आहे. गेम्माने त्या नोटिशीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "मॅम, यात तुमचं नाव कुठेच नाही."

बाईंनी उलट लिहिलं, "तुझं तरी कुठे आहे?"