वसुधाताईंची शनिवारची शाळा

वसुधाताई गेल्या, हे त्यांच्या यजमानांनी, माधवरावांनी, फोनवर इतक्या हळू सांगितलं की मला पुन्हा विचारावं लागलं. आदल्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये तिनं नर्सकडे चार्जर मागितला होता, म्हणाले. नगरसेवकांचं ऑनलाइन प्रशिक्षण चुकू नये म्हणून...

ताई इथं आयर्लंडमध्ये, ल्यूकनमधून काउन्सिलवर निवडून आल्या तेव्हा त्यांची पत्रकं घेऊन मी दारोदार फिरलो होतो. औषधाच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेली ही नागपूरची बाई. निवडून आल्या, काम झालं, असं आम्हाला वाटलं. त्यांची मात्र दर शनिवारच्या प्रशिक्षणाची शाळा तिथून सुरू झाली. अंदाजपत्रक कसं वाचायचं, कुठली जमीन कशासाठी हे कसं ठरतं, सदस्याचा अधिकार कुठं संपतो... लॉकडाउनमध्येही त्यांनी एक शनिवार सोडला नाही. मी चिडवायचो, "ताई, आमच्या पुण्यात नगरसेवक दुसऱ्यांना शिकवतात." त्या म्हणायच्या, "म्हणूनच तू इथं आलास ना रे?"

आमच्या वसाहतीलगतच्या मैदानावर घरं बांधायचा प्रस्ताव आला. ताईंनी आधीच बजावलं होतं, आपापलं म्हणणं काउन्सिलला लेखी कळवा, या विषयात मला भाग घेता येणार नाही. ते बोलण्यापुरतं असेल, असं आम्ही धरून चाललो. "आपली बाई आत आहे, कशाला त्रास घ्यायचा?" असं ग्रुपवर लिहिलं ते मीच. सभा आम्ही घरोघरी स्क्रीनवर बघत होतो. विषय निघाला आणि ताई शांतपणे म्हणाल्या, माझं घर या मैदानाला लागून आहे, यात माझं स्वतःचं हित गुंतलं आहे, मी बाहेर जाते. त्यांची चौकट नाहीशी झाली. आमच्यापैकी कुणाचंच लेखी म्हणणं काउन्सिलपुढे नव्हतं. मैदान गेलं.

मी ताईंना फोनवर नाही नाही ते बोललो. एक दिवस शिकलेलं विसरला असतात तर काय बिघडलं असतं, असंही विचारलं. त्या म्हणाल्या, "मग शिकले कशाला?" त्यानंतर मी फोन केला नाही. त्या आजारी आहेत हे कळलं, तरीही नाही.

इथं मधेच जागा रिकामी झाली तर निवडणूक होत नाही, पक्ष नाव सुचवतो. माधवरावांनी पक्षाला माझं नाव दिलं. मी नको म्हणायला गेलो तर म्हणाले, "तिचंच सांगणं होतं. म्हणाली, चिडका आहे, पण शिकेल."

गेल्या शनिवारी माझं पहिलं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या आयरिश बाईंनी एक भाग संपवला, काही प्रश्न आहेत का विचारलं. सगळे गप्प. तरी त्या थांबून राहिल्या. मग ओशाळून म्हणाल्या, "माफ करा, इथं मी वसुधासाठी थांबत असे."

मी माईक सुरू केला. म्हटलं, शेवटचा मुद्दा मला कळला नाही, पुन्हा सांगाल का?