मंगेशनं विचारलेलं मी सांगितलंच नाही

मंगेशची पीएचडी अर्धवट राहिली, त्यात थोडा हात माझाही आहे.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. इतके दिवस हे लिहायची हिंमत झाली नाही.

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी धानोऱ्यात ऑनलाइन दाखल्यांचं सेंटर टाकलं आणि हा पठ्ठ्या संशोधनाला लागला. विषय काय, तर डिजिटल शासन!

आम्ही लय खेचायचो त्याची. "डिजिटल शासनावर पीएचडी, अन् रेंजसाठी छपरावर चढते हा!"

तो म्हणायचा, "हसा बे. कम्प्युटर काय सांगते ते साऱ्यांले माहीत हाय. माणसाले काय ऐकू येते, ते मले पाहाचं हाय."

मला ते पुस्तकी वाटायचं.

मग एकदा तो संशोधनासाठी सोमीबाईच्या गावी जाऊन आला.

सोमीबाई आतल्या जंगलातली. नातीला होस्टेल मिळावं म्हणून जातीचा दाखला हवा होता. माझ्याकडे तीन खेपा घातल्या बाईनं. तिसऱ्या खेपेला स्क्रीनवर दिसलं, 'अर्ज निकाली'.

आमच्याकडे निकाली म्हणजे फाइल बंद. मंजूर झाली तरी निकाली, नामंजूर झाली तरी निकाली. तिची नामंजूर होती, कारण एक कागद मीच पुसट स्कॅन केला होता.

सेंटरवर गर्दी होती. मी म्हटलं, "बाई, निकाली निघाला तुमचा अर्ज."

"निकाल लागला म्हना की भाऊ!" बाई हरखली. चारोळीची पुडी टेबलावर ठेवून गेली.

मी थांबवलं नाही. थांबवलं असतं तर चूक कोणाची, तेही सांगावं लागलं असतं.

नात होस्टेलच्या यादीत आलीच नाही. घरी बसली.

मंगेश तिथून थेट सेंटरवर आला. ओरडला नाही.

"तुले माहीत होतं ना बे?"

मी कीबोर्डवर बोटं चालवत राहिलो.

"प्रबंधात तुझं नाव नाई टाकत मी. पन काय झालं ते तुह्या तोंडानं सांग. एका शब्दापायी पोरगी घरी बसली, हे पोर्टलवर कुठीच दिसत नाई."

"पुढच्या हप्त्यात ये," मी म्हटलं.

मग सर्व्हर डाऊन, मग ॲडमिशनचा सीझन, मग साळ्याचं लग्न. सगळ्या थापा. सेंटर जाईल, लोक तोंडावर थुंकतील, ही भीती होती. दुसरं काही नाही.

शेवटचा फोन त्यानं दवाखान्यातून केला. डेंग्यू झालाय, हे त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. "गिऱ्हाईक आहे," म्हणून ठेवून दिला.

चार दिवसांनी तो गेला.

तेरवीला त्याच्या बहिणीनं वही दाखवली. सोमीबाईचं बोलणं शब्दन् शब्द उतरवलेलं. खाली लिहिलं होतं, 'सेंटरवाला मित्र बोलेल. मनाचा चांगला आहे. घाई करायची नाही.'

ते वाचून मी अंगणात जाऊन रडलो.

मागच्या महिन्यात सोमीबाईच्या गावी गेलो. सगळं सांगून टाकलं, पुसट कागदासकट.

बाईनं ऐकून घेतलं. रागावलीही नाही.

"एवढंच त तवा सांगाचं होतं, भाऊ. मी दुसऱ्या दिवशी कागद घेऊन वापस आली असती."

मंगेश, मी उशीर केला रे. माफ कर.

तुझ्या आठवणीला हात जोडतो, दोस्ता.