पार्किंगमधला वेढा

किल्ला भिंतींच्या नव्हे, आतल्या माणसांच्या निष्ठेच्या जोरावर लढतो. तोफा थकतात, सुरुंग फुसके निघतात, पण किल्लेदार अढळ असेल तर शत्रूला तंबूत डास मारत बसावे लागते. हे मी अनेक जाड पुस्तकांत वाचले आहे आणि दोह्यातल्या बिन महमूद भागातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये एकदा पाहिलेही आहे.

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला करतात. दोह्यात अंगण नसते आणि मुलांना वेळ नसतो, म्हणून तो आमचे शेजारी, साताऱ्याचे इंजिनियर, करतात. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाने किल्ल्यांची स्पर्धा ठेवली होती आणि परीक्षक शुक्रवारी येणार होते. नर्सरीतून मातीची पोती आली, बुरूज उभे राहिले, गोमुखी दरवाजा झाला, उतारावर हळीव पेरले गेले. जागा सावलीतली हवी होती. समोरच्या फ्लॅटमधले मुरूडचे भाई, शिपिंग ऑफिसातले क्लार्क, रजेवर गावी गेले होते. त्यांचे पार्किंग रिकामे होते.

भाई सोमवारीच परतले. त्यांनी गाडी किल्ल्याच्या दरवाजासमोर आडवी लावली.

"शुक्रवारपर्यंत थांबा भाई," इंजिनियर म्हणाले. "माती ओली आहे, हलवता येत नाही."

"माझी गाडी उन्हात भाजते त्याचं काय? आणि आमच्या गावासमोरचा किल्ला तुमच्याकडच्यांना कधी घेता आला नाही. तुमचा तरी मला घेऊ द्या."

हे इंजिनियरांना लागले. त्यांनी ऑफिसात आजारी असल्याचे कळवले आणि खुर्ची टाकून बुरुजापाशी बसले. हातात पाण्याचा फवारा होता, कारण इथल्या हवेत माती लगेच तडकते. भाई ऑफिसातून आले की गाडीत एसी लावून बसत.

जाड पुस्तके वाचलेली असल्याने दोन्ही पक्षांनी मला वकील नेमले. मी गाडी आणि किल्ला यांच्यात निरोप नेत-आणत राहिलो. दोघांना एकमेकांचे बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

गुरुवारी भाईंच्या बायकोने गावाहून आणलेले सोडे इंजिनियरांच्या घरी दिले. इंजिनियरांच्या सौभाग्यवती अलिबागच्या. सुकी कोळंबी कांद्यावर पडल्याचा वास जिन्यावरून पार्किंगपर्यंत उतरला. मागोमाग त्या स्वतः उतरल्या.

"गाडी लावू द्या त्यांना आणि जेवायला वर या. भाईंनाही बोलावलंय."

"अगं, परीक्षक उद्या येणार आहेत."

"मग तुम्ही उद्या जेवा."

किल्लेदारांनी हळिवावर एकदा पाणी मारले. मग त्यांनी फवारा खाली ठेवला.

मी धर्मवाटेचा आग्रह धरला. शरण आलेल्या शिबंदीला हत्यारांनिशी, निशाण फडकवत बाहेर पडू द्यायचे, असा मानाचा रिवाज होता. त्याप्रमाणे मातीचे मावळे स्टीलच्या ताटात बसून निघाले. भगवा पुढे होता. मोबाइलवर तुतारी वाजत होती. ती मध्येच थांबून जाहिरात लागली, तेव्हा मिरवणूकही थांबली. भाई हात बांधून अदबीने उभे होते.

"खलास?" ताट लिफ्टमध्ये गेल्यावर त्यांनी विचारले आणि झाडू घेतला.

शुक्रवारी परीक्षक आले. त्यांनी सावलीतली गाडी बघितली, मग इंजिनियरांच्या मोबाइलमधला फोटो बघितला. स्पर्धेत तो एकच किल्ला होता. त्याला दुसरा क्रमांक मिळाला.