वैशालीच्या नावाची डिरेक्टरी

आत्ताच सांगून टाकतो, नाईतर पुन्हा हिंमत होणार नाई. हे मी कोणालेच सांगितलं नाई — घरी नाई, दोस्ताइले नाई.

आर्वीत आमचा कॉम्प्युटर क्लास होता. चपला बाहेर, पडदे बंद, अन् एका मशीनवर दोघं. दोघांची डिरेक्टरी, म्हणजे फायली ठेवायचा कप्पा, एकच, अन् ज्यानं क्लासात आधी नाव घातलं त्याच्या नावाची. माझ्यासोबत वैशाली होती, ती माझ्या आधीची, म्हणून नाव तिचं. मले याचाच राग यायचा — काऊन यावा पण? पोरगी हुशार होती. सर तिलेच सकाळची बॅच शिकवायले देणार होते, अन् ती मिळाली तरच घरचे तिले पुढं शिकू देणार होते.

तर झालं असं — तेव्हा विंडोज नव्हतं, डॉस होतं, सारं टाइप करूनच चालवायचं; तर कमांड टाइप केली की मशीन तो प्रोग्राम कुठं शोधते? पाथच्या ओळीत ज्या डिरेक्टऱ्या लिहिल्या, त्यातच. मले वाटलं, आपले प्रोग्राम कुठूनही चालले पाहिजे! वैशाली गेल्यावर मी मशीन सुरू होताना वाचते ती फाइल उघडली. जुनी ओळ ठेवून शेवटी आपलं जोडायचं होतं ना? मी जुनं सारं उडवलं, अन् एकटी आमची डिरेक्टरी लिहिली. सेव्ह केलं, घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी काहीच चालेना. फॉक्सप्रो नाई, एडिटर नाई, प्रत्येक प्रोग्रामच्या नावाले 'बॅड कमांड'! सरांनी ती फाइल स्क्रीनवर आणली. ओळीत वैशालीचं नाव.

"काय करून ठेवलं हे बाई? असंच शिकवशील काय पोराइले?"

"सर, मी हातच नाई लावला!" ती माझ्याकडं वळली. "अरे, सांग ना! काल मी गेल्यावर तूच होता ना?"

काय सांगायचं होतं? 'सर, मी केलं' — बस. ओळ नीट करायले दोन मिनिटं लागली असती. मी म्हणालो, "मले काय माहीत? मी तर तुझ्याही आधी गेलतो."

खोटं. साफ खोटं!

बॅच मले भेटली. वैशालीचं येणं बंद झालं, मग समजलं कॉलेजही सुटलं. अन् मी पोराइले पाथ शिकवून राह्यलो होतो! आता नागपुरात लिनक्सवर काम करतो, पाथमध्ये कायतरी जोडावंच लागते, अन् दर वेळी चिडतो — मशीनवर नाई. भ्यालो होतो म्हणू? नाई भ्यालो. मले ती बॅच पाहिजे होती.

तुमच्या चुकीले दुसऱ्याचं नाव लागलं, अन् तुम्ही लागू दिलं — असं झालं काय कधी तुमच्यासोबत?