पोलिश शिकवणारा ससा आणि बेंबळी–तुळजापूर–वाशीची वणवण

धाराशिवच्या बसस्थानकावरून लोक तुळजापूरला दर्शनाला जातात. मी मात्र पोलिश भाषा ऑनलाइन कशावर शिकावी, हे शोधायला निघाले होते. हसायचं असेल तर हसून घ्या.

माझा धाकटा भाऊ दत्ता बेंबळीत वेल्डिंग करतो. पोलंडमधल्या एका कारखान्यात त्याचं काम ठरत आलं होतं. अट एकच: येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या रविवारी तिथल्या फोरमनशी व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटं पोलिशमध्ये बोलून दाखवायचं, नाही जमलं तर जागा दुसऱ्याला. मी शाळेत ग्रंथपाल, म्हणजे मला सगळं कळतं असा माहेरचा समज आहे. "ताई, चांगलं काय ते तूच बघ," म्हणाला. मी शुक्रवार-शनिवारची रजा टाकली.

बेंबळीला जायचं तर सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. रस्ता बरा आहे, फक्त मागच्या बाकावर बसून चहा पिण्याचं धाडस करू नका.

घरी पोचल्या पोचल्या दत्तानं मोबाइल दाखवला. ज्या अ‍ॅपवर तो शिकत होता त्यात एक गुलाबी ससा आहे. रोज धडा केला की नाचतो, एक दिवस चुकला की रडतो. दत्ताच्या नावापुढं सलग चौऱ्याण्णव दिवस लागले होते. मला अभिमानच वाटला. म्हटलं, "पाणी माग बघू." दत्तानं पत्र्याकडं बघितलं, मग बायकोकडं. स्वाती पदर तोंडाला लावून हसत आत गेली.

खरं बाहेर आलं. पहिले तीन आठवडे तो नीट बसला, मग लातूरला गेटाचं काम निघालं. आमच्याकडं घरचा माणूस परगावी असला किंवा सुतकात असला की त्याच्या नावानं देवापुढचा दिवा दुसरं कुणीतरी लावतं, नेमात खंड पडू देत नाहीत. या शहाण्यांनी सशालाही तोच नियम लावला. पासवर्ड घरभर पाठ. शेळ्या चारता चारता आमचे वडील, अप्पा, वय सत्तरीच्या पुढं, रोज दत्ताचा धडा करत होते.

"अप्पा, कॉल दत्ताचा आहे, तुमचा नाही," मी म्हटलं.

"व्हय की. पर म्या एक दिस मोडू दिला न्हाय," अप्पा म्हणाले आणि शेळ्यांमागं निघून गेले.

मी एवढी चिडले की भाकरीही धड गेली नाही. दोष सशाचाही आहे. शिकतंय कोण हे त्याला कळत नाही, आणि तो शिकवतो काय, तर मांजर दूध पिते. वेल्डरला.

शनिवारी दत्ताला घेऊन तुळजापूर गाठलं. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, नाहीतर रस्त्यात उभं राहायलाही जागा मिळत नाही. एका लॉजच्या वरच्या मजल्यावर 'तीस दिवसांत अस्खलित युरोप' असा वर्ग चालतो. सर म्हणजे एक टीव्ही, दोन पंखे आणि भरपूर आत्मविश्वास. पोलंडचा माणूस कधी पाहिलाय का, विचारलं. "त्याची गरजच पडत नाही मॅडम, आता रोबोट आलाय." मोबाइलमधला तो बोलणारा रोबोट दत्तापुढं धरला. दत्ता घाबरून चक्क मराठीत म्हणाला, "काय बोलू की बाबा." रोबोट म्हणाला, उत्कृष्ट उच्चार. असलं कौतुक आमच्या शाळेत पाहुणे आल्यावरच होतं. खाली येऊन दर्शन घेतलं, पिठलं-भाकरी खाल्ली. ते जेवण मात्र आवर्जून करा.

रविवारी वाशी, मुंबईकडची नव्हे, आमच्या जिल्ह्यातली. बीडकडं जाणारी गाडी धरायची, फाट्यावर उतरायचं, पुढं काळीपिवळी. चालक माणसं मोजत नाही, कोंबतो. वाशीच्या बाजारात रफीकभाईंचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दोन वर्षं पोलंडच्या गोदामात राबून आलेला माणूस. माझी वहीतली अ‍ॅपांची यादी त्यांनी वाचली आणि तिच्यावर नटबोल्ट ठेवले.

"तितं पयल्या दिवशी मांजराचं कुणी इचारत न्हाय," ते दत्ताला म्हणाले. "थांब, हात काढ, आग लागली, इतकंच कामाचं. रोज दुपारी मला फोन लाव. म्या फोरमन, तू वेल्डर. चुकला तर शिवी बी पोलिशमधीच खाशील."

तीन दिवसांत भेटलेला हा एकमेव अक्कलवान. फी विचारली तर त्यांनी खवा मागवून आम्हालाच खाऊ घातला.

सोमवारी मी शाळेत हजर. दत्तानं आठवडाभर शिव्या खाल्ल्या. रविवारी दुपारी फोन आला: पास. तेलकट फडक्यावर ठिणगी पडली तर काय करशील, असं विचारलं होतं. निम्मं बोलून, निम्मं हातवारे करून सांगितलं म्हणे. कागद झाले की निघणार. मी लगेच हा लेख लिहायला बसले, सगळ्या अ‍ॅपांची सालं काढायला.

तेवढ्यात अप्पा फोनवर आले. "शोभा, ह्या सशाचं समदं संपत आलंय. म्होरलं काय हाय?"

"अप्पा, पोरगा पास झाला. आता सोडा तो नेम."

"त्याचं न्हाय, माजं इचारायलोय."

"तुम्ही कुणाशी बोलणार आहात पोलिश?" माझा आवाज चढलाच.

अप्पा न अडखळता म्हणाले, "ग्जे येस्त मूय सिन?"

"म्हणजे काय?"

"माजा मुलगा कुठं हाय. सशानं दुकान कुठं हाय ते शिकवलं, मुलगा निराळा शिकवला. म्या जोडून घेतलं. उद्या दत्ताचा फोन लागला न्हाय, तितल्याच कुणी उचलला, तर मला इचारता याया नको?"

तीन दिवस मी सगळ्यांना नावं ठेवली होती, त्यांत अप्पाही होते.

"इचारता येतंय आता," अप्पा म्हणाले. "पर तिकडून काय सांगत्याल ते कळायचं न्हाय. त्ये शिकवणारं काय हाय का बग."